सपरीतलं सव्वाचार फुटाचं जहाज

माझं जहाजाचं मॉडेल पाहायला जो येतो तो पहिले हेच विचारतो, किती दिवस लागले बनवायला. साडेतीन वर्ष, मार्च २०२२ ते सप्टेंबर २०२५. पण एवढे दिवस ते घरात राहिलं कुठं, हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरं काम तेच होतं. किट, म्हणजे मॉडेलचे सुटे भाग, जोडायचे व्हिडिओ पाहिजे तेवढे सापडतात, पण ज्या घरात दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस भरलेला असतो त्या घरात सव्वाचार फुटाचं प्लास्टिकचं जहाज कसं सांभाळायचं हे मला कुठंच सापडलं नाही. म्हणून बसलो लिहायला.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-नेर पट्ट्यात. शेती कोरडवाहू, कापूस, तूर, थोडं सोयाबीन, ते मोठा भाऊ पाहतो आणि माझं गावातच मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. हरभरा-गव्हाच्या ओलितात मोटरी जळतात तेव्हा मला जेवायला वेळ नसतो, आणि पावसाळ्यात बराचसा रिकामा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मुंबईला. जहाजांचं वेड मात्र शाळेपासूनचं.

किट आहे ट्रंपेटर कंपनीचं, इंग्रजांची युद्धनौका एचएमएस हूड, स्केल १/२००. म्हणजे खरं जहाज २६२ मीटर, मॉडेल १३१ सेंटीमीटर. याच्या आधी मी हूडच १/७०० मध्ये केलं होतं, ते साडेसदतीस सेंटीमीटरचं, टीव्हीच्या बाजूला मावायचं. मधल्या १/३५० स्केलमध्ये हेच जहाज ७५ सेंटीमीटर होते. आता ७५ वरून १३१ म्हणजे पावणेदोन पट, ऐकायला फार वाटत नाही, पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही पावणेदोन पट झाले की जागा पाचपटीच्या वर लागते. मोठं स्केल घ्यायचा विचार असेल तर हा हिशोब आधी जमिनीवर खडूनं आखून पाहा, घरच्या सगळ्यांना बोलावून दाखवा, त्यांना त्या चौकोनाच्या बाजूनं चार दिवस चालू द्या आणि मग पैसे भरा. अमरावतीच्या एका मित्रानं १/३२ चं लँकेस्टर विमान घेतलं, त्याच्या पंखांची लांबी ९७ सेंटीमीटर, म्हणजे माझ्या जहाजापेक्षा कमीच, पण विमान लांबी अन रुंदी दोन्हीकडून जागा खाते. जहाज भिंतीला लावून ठेवता येते. खेड्यातल्या घरात मोठं काही करायचं असेल तर मी जहाजच सुचवीन.

दोन वर्ष पैसे साठवून मागवलं. कुरिअर गावापर्यंत येत नाही, तालुक्याहून भावाच्या ओळखीच्या छोटा हत्तीत खताच्या पोत्यांवर ठेवून आणलं. बॉक्स उघडला तेव्हा भाऊ, वहिनी, पोट्टे, आजी सगळे सपरीत, म्हणजे ओसरीत, गोल करून बसले होते, आणि आतून ते करड्या रंगाचं आख्खं एकसंध हल, म्हणजे जहाजाचं खालचं धड, निघालं तेव्हा कोणी काही बोललंच नाही दोन मिनिटं. मग आजी म्हणाली, "बाप्पा, हे तं डोंगीच हाय."

पहिला पावसाळा चांगला गेला. हल रिकामं असतानाच करायची कामं मी करून घेतली, आणि हे लक्षात ठेवा, डेक, म्हणजे जहाजाची वरची फरशी, एकदा बंद झाला की आत हात जात नाही. स्टँडचे बोल्ट ज्यात बसतात ते नट आतून सागाच्या तुकड्यात बसवून इपॉक्सीनं पक्के करायचे, ते आत्ताच. मी दोन जागी केले, पुढं आणि मागं, बरोबर मधल्या रेषेवर. तेवढ्या कामाला तीन रविवार गेले.

मग दिवाळी आली, शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाली, वेचणी सुरू झाली आणि भाव काही चढेना. दरवर्षी आमच्याकडं कापूस मागच्या खोलीत भरतो, ती भरली की माजघरात, आणि त्या वर्षी माजघर भरून तो सपरीत आला. जिथं माझा टेबल होता तिथं. भाऊ म्हणाला, "अबे, भाव नाही यंदा, मार्चपर्यंत ठेवा लागते. तुह्यं जहाज हलव कुठी तरी." त्याचं बरोबर होतं. कापूस म्हणजे वर्षभराचं घर आहे, त्याच्यापुढं कोणाच्याच छंदाला जागा मागता येत नाही. मी मागितलीही नाही.

पण हलवू कुठं? दुकानात तांब्याचा कचरा अन वार्निशचा वास, गोठ्यात उंदीर. वहिनीनं युक्ती सांगितली. पोट्टे लहान होते तेव्हा आढ्याला झोळी बांधायची तो कडा अजून होता, तिनं जुन्या नऊवारीची झोळी करून दिली आणि जहाजाचं हल त्यात ठेवून आम्ही वर टांगलं. खाली कापसाची गंजी, वर झोळीत जहाज. दिसायला फार सुंदर दिसायचं ते, संध्याकाळी दिवा लावला की कापसावर त्याची लांब सावली पडायची.

चार महिन्यांनी काढलं आणि डेक बसवायला गेलो तर डेक बसेना. झोळीनं दोन्ही बाजूंनी दाबून दाबून हल मध्यभागी चार मिलिमीटर आत आलं होतं. प्लास्टिक कडक वाटते, पण हे पॉलिस्टायरिन आहे, पातळ भिंत, महिनोन्‌महिने हळूहळू भार पडला आणि वरून टिनाखालची मार्चची गरमी मिळाली की ते वाकते, वितळायची गरज नसते. चूक माझी, आत आडव्या पट्ट्या न लावता टांगलं. मी दोन दिवस त्याला हातच लावला नाही.

सुधारलं असं: सागाच्या पातळ पट्ट्या बरोबर मापाच्या कापल्या, खऱ्या रुंदीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त, आणि आतून अडकवल्या. मग गरम पाण्यात, हात जेमतेम टाकता येईल एवढं गरम, टॉवेल भिजवून बाहेरून गुंडाळायचा, थंड होऊ द्यायचा, परत. उकळतं पाणी अजिबात नाही. आठ-दहा वेळा केलं तेव्हा भिंती सरळ झाल्या, आणि त्या पट्ट्या मी काढल्याच नाहीत, वरून डेक चिकटवला. त्या पट्ट्या अजून जहाजाच्या पोटात आहेत.

पुढच्या वर्षी टांगलं तेव्हा झोळीत नाही, फळीवर, फळीला चार दोऱ्या आणि खाली दोन लाकडी खाचा.

आता रंगाचं. माझ्या रिकाम्या वेळेचं अन रंगाचं कधी जमत नाही. पावसाळ्यात वेळ असते तेव्हा हवेत एवढी ओल असते की लॅकर मारलं की थिनर उडता उडता पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसते आणि रंगावर पांढरं धुकं चढते. उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात आमच्याकडं ४५ च्या वर पारा जातो आणि हवा अशी कोरडी की ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारायच्या पेनच्या, सुईच्या टोकावरच वाळून बसतो, जहाजापर्यंत पोहोचतच नाही. वाळणं हळू करणारं रिटार्डर दोन थेंब टाकायचं आणि पहाटे पाच ते सात एवढंच काम करायचं, ऊन वर आलं की बंद. फेविक्विकचंही ऋतूप्रमाणं बदलते, तो गोंद हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, म्हणून उन्हाळ्यात एकेक तुकडा बराच वेळ धरून बसावं लागते आणि पावसाळ्यात लावायच्या आधीच धरतो. मला सगळ्यात चांगला महिना सापडला तो फाल्गुन. ना ओल ना झळा.

पण फाल्गुनात घरात कापूस! हलच्या राखाडी रंगाचा पहिला हात मारला, संध्याकाळी लाइटखाली पाहतो तर पूर्ण डाव्या बाजूला बारीक बारीक तंतू, ओल्या रंगात बसलेले, केसापेक्षा पातळ, पण १/२०० मध्ये केस म्हणजे बोटाएवढा दोर झाला. १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून सगळं घासलं. मग भावानं आणि मी मिळून बांबूचा सांगाडा केला, त्याच्यावर मच्छरदाणी अन तिच्यावर प्लास्टिक, आत शिरायच्या अर्धा तास आधी जमिनीवर सडा टाकायचा म्हणजे धूळ, तंतू सगळे खाली बसतात. कॉम्प्रेसर जुन्या फ्रिजचा, तो बाहेर. त्या तंबूत मी पूर्ण जहाज रंगवलं आणि परत एकही तंतू बसला नाही.

खालचा लाल आणि वरचा राखाडी यांच्या मधला काळा पट्टा सरळ येणं फार महत्त्वाचं, चार फुटावर अर्धा मिलिमीटरचा बाक लगेच दिसतो. आमची जमीन कुठं सपाट! गावातल्या गवंडी काकांकडून पाणी भरलेली लेव्हलची नळी आणली, जहाजाचं पुढचं टोक अन मागचं टोक तिनं एका पातळीत आणलं, मग टेबलाच्या चारही कोपऱ्यांची पातळी घेतली आणि लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल बांधून तो ठोकळा टेबलावरून फिरवत गेलो. काका स्वतः उभे होते. म्हणाले, घराच्या जोत्याची पातळी अन याची पातळी एकच गोष्ट हाय.

डेक लाकडी होता खऱ्या जहाजाचा. लाकडी डेक म्हणून पिवळाधमक रंग देणारे खूप आहेत, मला ते पटत नाही. आमच्या अंगणात जुन्या बंडीची, म्हणजे बैलगाडीची, सागाची फळी पडून आहे, कित्येक पावसाळे खाल्लेली, ती राखाडी आहे, चांदीसारखी, फक्त फटींमध्ये थोडा तपकिरी राहिला आहे. समुद्राच्या पाण्यात रोज धुतलेलं लाकूड असंच होत असणार. ती फळी टेबलावर ठेवूनच रंग मिसळला, चार छटा केल्या आणि पट्टी-पट्टीनं मास्किंग टेप लावून वेगवेगळ्या पट्ट्यांना दिल्या. ५६ संध्याकाळी लागल्या, वहीत लिहिल्या आहेत.

माझा धंदा जिथं कामी आला ती जागा म्हणजे तारा. मास्टवरच्या म्हणजे डोलकाठीवरच्या, रेडिओच्या, आधाराच्या. लोक यासाठी ताणणारा खास दोरा मागवतात. मी वाइंडिंग वायर वापरली. ४० नंबरची एनॅमल तांब्याची तार साधारण ०.१२ मिलिमीटर, त्याला दोनशेनं गुणलं की २४ मिलिमीटर, म्हणजे जाड आधाराच्या तारेला बरोबर. ४४ नंबरची ०.०८, म्हणजे १६ मिलिमीटर, ती रेडिओच्या तारांना. तार सरळ करायची पद्धत दुकानातलीच, एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत, हळू खेचायचं, ती किंचित लांबते आणि सुताएवढीही वाकडी राहत नाही. वरून एनॅमल असल्यानं ती हिरवी पडत नाही. हे काम मी एकाही चुकीशिवाय केलं, हात पंधरा वर्षांपासून तेच करतो आहे.

बारीक कामातलं एकच सांगतो. हूडवर विमानं पाडायला आठ नळ्यांच्या तीन पॉमपॉम तोफा होत्या. मॉडेलमध्ये एक तोफ करंगळीच्या पेराएवढी. चोवीस नळ्या, प्रत्येकीचं तोंड सुईनं टोकरून काळं केलेलं. चष्म्यावर भिंग लावून श्वास धरून करायचं. एक नळी उडाली ती कापसात गेली. सापडायची नाही म्हणून मी सोडून दिली होती, पण आमच्या पुतणीनं दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर अर्धा तास बसून ती काढून दिली.

आजीचं सांगायचं राहिलं. आजी दिवसभर सपरीतच असते, बाजेवर. जहाज तिच्या डोळ्यासमोरच वाढलं. मागच्या उन्हाळ्यात मी मागच्या तोफा बसवत होतो तेव्हा तिनं विचारलं, "किती मानसं होती रे याच्यात?"

"चवदाशे अठरा, आजी."

ती थोडा वेळ गप्प. "आपल्या गावात किती असन?"

यादीत बघितलं तर साधारण तेवढीच, थोडी कमी. तसं सांगितलं.

"अन वापस किती आले?"

"तीन."

मग मला सगळं सांगावं लागलं. २४ मे १९४१ ची पहाट, आइसलँड अन ग्रीनलँडच्या मधला समुद्र. समोर जर्मनीचं जहाज बिस्मार्क. लढाई सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, बिस्मार्कचा गोळा लागला, मागच्या बाजूचं दारूगोळ्याचं कोठार फुटलं, म्हणजे मी जिथं त्या वेळी तोफ बसवत होतो बरोबर त्याच्याखालचं, आणि जहाजाचे दोन तुकडे होऊन तीन मिनिटांत बुडालं. तीन दिवसांनी, २७ तारखेला, इंग्रजांनी बिस्मार्कही बुडवलं. २००१ मध्ये हूडचे तुकडे समुद्राच्या तळाशी सापडले, २०१५ मध्ये त्याची घंटा वर काढली, ती आता पोर्ट्समथच्या म्युझियममध्ये आहे.

आजीनं घंटेचं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "गाव गेलं न मंग पुरं. तिघायचं नाव काय होतं?"

टेड ब्रिग्ज, बॉब टिलबर्न, बिल डंडास. तिनं तिन्ही नावं तिच्या पद्धतीनं म्हणून पाहिली. टेड ब्रिग्ज सगळ्यात शेवटी गेले, २००८ मध्ये. त्या दिवसानंतर जो कोणी घरी येतो त्याला आजीच सांगते, चवदाशे अठरा मानसं, आले तीन. मी नुसता बाजूला उभा असतो. मोठं मॉडेल का करायचं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, १/७०० वालं जहाज टीव्हीच्या बाजूला सहा वर्ष होतं आणि आजीनं त्याच्याबद्दल एक शब्दही विचारला नव्हता.

पेटी. पारदर्शक ॲक्रिलिक शीटचा विचार मी सोडला, ते हलकं असते पण एवढ्या लांबीत आमच्या उन्हाळ्यात मधून झोल घेते आणि पुसलं की धूळ अजून ओढते. काचच घेतली, ५ मिलिमीटर. बाहेरचं माप दीड मीटर लांब, ३५ सेंटीमीटर रुंद, ६० उंच. ५ मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, या मापाला एकूण ३४ किलो झाली. म्हणून स्टँड लोखंडी अँगलचा, लाकडी नको, उधई आहे आमच्याकडं. वरची फळी तेवढी सागाची, पडलेल्या खोलीच्या जुन्या चौकटीतून काढलेली, ती आता काय वाकणार. काच तालुक्याहून आणताना रस्ता तुम्हाला माहीतच आहे कसा आहे, भावानं गाडीत खाली कापसाचे बोद टाकले आणि त्याच्यावर काचा उभ्या बांधल्या. एकही तडा नाही.

एक गोष्ट नक्की करा. काच जोडायला साधं सिलिकॉन वापरलं तर त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि पितळेची बारीक रेलिंग असलेल्या मॉडेलला ते चांगलं नाही. पेटी जोडून पंधरा दिवस मोकळी ठेवा, वास पूर्ण गेला की मगच जहाज आत. एलईडी पट्टी काचेच्या बाहेर, वर, म्हणजे गरमी आत जात नाही. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका.

सपरीतली जागा भावानं स्वतः काढून दिली. यंदा मागच्या खोलीवर टिन टाकले, कापूस तिकडं राहील म्हणाला. जिथं पहिल्या वर्षी गंजी होती बरोबर तिथं आता पेटी उभी आहे, आजीच्या बाजेसमोर.

परवा सकाळी आजीनं हाक मारली, "तार तुटली पाह्य." मला वाटलं तिला दिसणार नाही, पण खरंच मागच्या मास्टची रेडिओची तार लोंबत होती. लाइटच्या वायरसाठी मी फळीला छिद्र पाडलं होतं, एक लहान पाल त्यातून आत शिरली होती आणि बिचारी बाहेर निघायच्या धडपडीत मास्टवर चढली होती. तिला आधी बाहेर काढलं, मग छिद्राला पितळी जाळी लावली. काल रात्री दुकान बंद करून आलो, ४४ नंबरची तार खेचून सरळ केली, आजी टॉर्च धरून बसली, पुतणीनं चिमटा दिला. पहिलं टोक बसलं. दुसरं धरून ठेवायचं होतं तेवढ्यात लाइट गेली. आजीनं टॉर्च हलू दिला नाही.

"झालं का?"

"झालं."

"मंग झाक आता, धूळ जाते."

काच लावली.